गोंड्याचा टकल्या झाला

मी गिनीपिग बोलतोय. माझ्या डोक्यावर केसांचा भोवरा होता, म्हणून माझं नाव पडलं गोंड्या.

एका शिवणकाम करणाऱ्या बाईंकडे मी वाढलो. त्यांना घर बदलायचं होतं आणि नव्या घरमालकाला प्राणी चालत नव्हते. मग मला न्यायला एक कुटुंब आलं. आई, बाबा आणि त्यांची शाळकरी मुलगी. बाईंनी मला उचलून दाखवलं ते बरोबर कुशीवर तळहात ठेवून, कारण त्या हाताखाली नाण्याएवढी जागा केसांवाचून उघडी पडली होती.

"एकदम ठणठणीत आहे हो," बाई म्हणाल्या. त्यांच्या तळहाताला घाम सुटला होता. तो फक्त मलाच कळत होता.

नव्या घरात माझे लाड झाले. फ्रिजचं दार वाजलं की मी शिट्टी घालायचो आणि काकडीचा तुकडा यायचा. मुलगी अभ्याससुद्धा मला मांडीवर घेऊन करायची. पण जागा बदलली, माणसं बदलली, त्या धसक्यानं माझी खाज उसळली.

डास चावल्यावर तुम्ही बोटभर जागा खाजवता. मला अख्खं अंग खाजवायचं होतं. मागचा पाय मानेपर्यंत न्यावा, तर नखात केसांचा पुंजका यायचा. अगदीच असह्य झालं की मी जागच्या जागी उडायचो, कुशीवर पडायचो, अंग आखडायचं.

बाबांनी कुठंतरी वाचलं होतं की गिनीपिग खूश झाला की उड्या मारतो.

"अगं, बघ बघ! नाचतोय पठ्ठ्या!"

मुलीनं लगेच गाणं लावलं. शेजारच्या काकूंना बोलावणं गेलं. मी पाय झाडत पडलो होतो आणि माझ्याभोवती टाळ्या वाजत होत्या. बाबा फोनवर व्हिडिओ काढत सांगत होते, "थांबा, परत करेल तो."

काकू वाकल्या आणि म्हणाल्या, "अहो, पण याच्या पाठीवरचे केस कुठे गेले?"

गाणं बंद झालं. आईनं मुलीचं मनगट उजेडात धरलं. त्यावर लाल पुटकुळ्या होत्या.

"हात लावायचा नाही त्याला! ऐकू येतंय?"

त्या दिवशी गोंड्याचा टकल्या झाला. माझा पिंजरा गॅलरीत, कपडे धुण्याच्या यंत्रामागे गेला. गवत आठवडाभर तेच. शिट्टी घातली की आतून दार लोटलं जायचं.

मग बाबांनी फरशी पुसायचं औषध बादलीत कालवलं आणि मला मानेपर्यंत बुडवलं. मी किंचाळलो.

"गप रे! तुझ्याच भल्यासाठी चाललंय."

रोग परवडला पण औषध नको, असं तुम्ही म्हणता. मी ते कातडीवर भोगलं. रोग होता तिथंच राहिला, वर कातडी सोलून निघाली. रक्त दिसलं तेव्हा मला दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीणबाईंनी मला उजेडात फिरवून पाहिलं. "हे भाजलंय कशानं?"

बाबा भिंतीवरचं चित्र बघू लागले.

"साधी खरूज आहे. बारीक किडे कातडीत शिरतात. आज इंजेक्शन देते, पंधरा दिवसांनी दुसरं. पिंजरा धुवा, गवत रोज बदला. केस येतील परत. आणि तुम्ही व्हिडिओत दाखवताय ते नाचणं नाही. झटके येतायत त्याला."

"म्हणजे त्याला दुखत होतं?" मुलीनं विचारलं.

गाडीत आई म्हणाली, "रोज गवत कोण बदलणार? मी नाही हं." बाबा म्हणाले, "मग मी?"

सुट्टीच्या दिवशी मला खोक्यात घालून बागेत आणलं. बाबांनी झुडपांच्या कुंपणापाशी खोका आडवा केला.

"कोंडून ठेवण्यापेक्षा मोकळा बरा. बघ, केवढं गवत! मजा आहे लेकाची."

"पण दुसरं इंजेक्शन राहिलंय ना?" मुलगी म्हणाली.

"मोकळ्या हवेत होईल बरा," आई म्हणाली. "चल आता, उशीर होतोय."

मुलीनं किती दिवसांनी माझ्या पाठीला बोट लावलं. लगेच ते फ्रॉकला पुसलं. "टाटा, टकल्या."

इंजेक्शनानं गुण दिलाय. खाज बरीच उतरली आहे, कुशीवर मऊ लव फुटतेय. पण आम्हाला बीळ खणता येत नाही. समोरच्या बाकाखाली एक मांजर मुक्काम ठोकून आहे आणि ते माझ्याकडेच बघतंय. शिट्टी घातली तर माणूस आधी येईल की ते, काही सांगता येत नाही.

तरी मघाशी पावलं वाजली तेव्हा मी जिवाच्या आकांतानं शिट्टी घातली. पावलं थांबली. फांद्या बाजूला झाल्या.

"शी! केवढा उंदीर!"

पहिला दगड कानाजवळून गेला. आता ती माणसं दुसरा शोधतायत.

अहो, थांबा. मी उंदीर नाही. मी पाळलेला आहे.