पावण्यांनी खोडलेला लॅम्डा

निशाला राग यायला फारसं काही लागत नसे, आणि तो तितक्याच लवकर उतरतही असे. हा एकच राग पाच वर्षं उतरला नव्हता.

नव्व्याण्णवच्या उन्हाळ्यात कोल्हापूरच्या कॉलेजात तिच्या एम.एस्सी.च्या प्रकल्पाची तोंडी परीक्षा होती. विषय होता विश्वाचा विस्तार. बाहेरून येणाऱ्या परीक्षकांना विभागात सगळे ‘पावणं’च म्हणत. पावण्यांना तांबडा-पांढरा रस्सा पोटभर वाढायचा आणि त्यांचा शब्द खाली पडू द्यायचा नाही, अशी तिथली रीत. निशाचा नंबर शेवटचा होता. शेजारच्या खोलीत ताटं मांडून झाली होती.

तिनं फळ्यावर आइन्स्टाइनचं समीकरण लिहिलं, त्यात विश्वाला बाहेर ढकलणाऱ्या पदाचा लॅम्डा घातला. पावणं उठले आणि त्यांनी तो खडूनं खोडला.

“हे पद आइन्स्टाइननं स्वतःच मागे घेतलं होतं, बाई. विश्व फुगतंय हे कळल्यावर त्याची गरजच संपली. गुरुत्वाकर्षण मागं ओढतंय, म्हणजे वेग कमीच होणार. एवढंही वाचलं नाही?”

“वाचलंय सर. पण गेल्या वर्षी लांबच्या ताऱ्यांचे स्फोट मोजले, ते अपेक्षेपेक्षा अंधुक निघाले. म्हणजे ते जास्त लांब गेलेत. वेग कमी होत नाही, वाढतोय. म्हणून लॅम्डा परत घ्यावा लागतोय.”

“कुणी सांगितलं तुम्हाला?”

निशानं वीरेश सरांकडे पाहिलं. सर तिचे मार्गदर्शक. तो शोधनिबंध त्यांनीच पुण्याहून झेरॉक्स करून आणला होता, ‘हे घाल, बाजी मारशील’ म्हणाले होते. आता ते घड्याळ बघून हसले.

“चला सर, रस्सा निवायला लागलाय.”

त्या रश्शापायी तिचा पहिला वर्ग गेला, आणि पुण्याला संशोधनाला जायचं होतं तेही गेलं. ती गारगोटीला अकरावी-बारावीला शिकवू लागली. पावण्यांवर ती फारशी चिडली नाही. त्या माणसानं वाचलंच नव्हतं. सरांनी वाचलं होतं, आणि तेच तिला सहन होत नव्हतं.

दोन हजार चार साली त्याच विभागात विश्वाच्या वाढत्या वेगावर कार्यक्रम ठरला. सरांनी प्रमुख पाहुणी म्हणून निशालाच बोलावलं. शाल दिली, नारळ दिला, फेटा बांधला. हॉल पोरांनी भरला होता.

“ही माझी विद्यार्थिनी,” सर माइकवर म्हणाले. “आपल्या विभागानं लॅम्डा तेव्हाच ओळखला होता! आज ही आपली पावणी. आणि पावण्यांचा शब्द आपण खाली पडू देत न्हाई.”

टाळ्या पडल्या. फेट्याखाली निशाचं कपाळ तापलं. काय निलाजरा माणूस हा! ती उठली आणि तिनं माइक ओढून घेतला.

“सर, पावणी हाय तर एक विचारते. माझा लॅम्डा खोडला तवा तो बरोबर हाय हे तुम्हाला ठावं होतं का न्हाई?”

सरांनी दाराकडे पाहिलं. दाराबाहेर ताटं मांडली होती.

“जेवणं करून घेऊ की आधी...”

“रस्सा निवू दे. सांगा.”

“व्हय,” सर पुटपुटले. “ठावं होतं.”

निशानं माइक त्यांच्या तोंडापुढं धरला.

“मोठ्यानं सांगा सर. मागच्या बाकावर ऐकू गेलं न्हाई.”