काचेवरचा कौल

“ह्यां काय रे गंगाराम? गाडीत आरसो बसवलंस? गिऱ्हाइकांका तोंड बघूक?”

पुढच्या सीटवर बसता बसता सुभद्रेने विचारलं आणि गंगारामला जरा हायसं वाटलं. इस्पितळातून फोन आल्यापासून बाई कामापुरतंच बोलली होती. मागे आरामात बस म्हटलं, तर माका समोरचो रस्तो दिसाक व्हयो म्हणून ती हट्टाने पुढे येऊन बसली होती. मांडीवरची पिशवी तिने दोन्ही हातांनी धरली होती.

“आरसो न्हय गो वयनी. प्राजक्तान धाडल्यान, पुण्यासून. हेच्यावर मोबाईल उताणो घालूचो, काय वर काचेत बाण दिसतत. खंय वळूचा, गाडी कितक्यार पळता, सगळा. मान खाली घालूक नको.”

वस्तू साधीच होती. डॅशबोर्डवर चिकटवलेली वहाणेच्या तळव्याएवढी चौकट आणि तिच्यावर तिरकी उभी पारदर्शक काच. फोनमधलं ॲप नकाशा मुद्दाम उलटा दाखवायचं, म्हणजे काचेतल्या प्रतिबिंबात तो सुलटा दिसायचा. गाडी चालवताना खाली फोनकडे बघायच्या नादात बापाने एकदा म्हैस उडवता उडवता वाचवली, हे कळल्यावर लेकीने ती पाठवली होती. ऊन असलं की काचेत काही दिसत नसे, पण आज आभाळ भरून आलं होतं आणि हिरवा बाण ठळक उमटला होता. खरं तर गोव्याचा रस्ता गंगाराम झोपेतही चुकला नसता. पण लेकीने पाठवलेली वस्तू न वापरणं त्याच्या जिवावर यायचं.

गंगाराम भाड्याची गाडी चालवायचा आणि त्याहून जास्त जीभ चालवायचा. तारकर्लीला येणाऱ्या पर्यटकांना तो छातीठोकपणे सांगे, की आमच्याकडचे डॉल्फिन सकाळी सातला हजेरी लावतात, उशीर करणाऱ्याचा पगार कापला जातो. कुठल्याही माडाकडे बोट दाखवून हा आपल्या खापरपणज्याने लावला म्हणायचा. पंचक्रोशीत थापा मारण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता, आणि त्याच्या थापांनी कधी कोणाचं वाईटही झालं नव्हतं. पेशंट नेताना तर त्या औषधासारख्या लागू पडायच्या. दुखणाईत माणूस वाटेत हसला, की गंगारामला भाडं वसूल झाल्यासारखं वाटे.

आज मात्र त्याला काही सुचत नव्हतं. सुभद्रेचा एकुलता मुलगा अनिश गोव्यात कामाला होता. सकाळी ड्यूटीवर जाताना त्याच्या मोटरसायकलला ट्रकने ठोकलं. सुभद्रेचा दीर भाई दोडामार्गला राहायचा, तो आधी इस्पितळात पोचला आणि त्याने गंगारामला फोन केला. डोक्याक लागलां, ऑपरेशन चालू आसा, वयनीक घेवन ये.

“वयनी, डोक्याचा मनार घेव नको,” चौके गाव मागे पडल्यावर गंगाराम म्हणाला. “माझ्या मावसभावाक असांच लागलेला. टाळक्याक बावीस टाके. आज माडार चढान नारळ पाडता.”

“तुका मावशी खंय आसा?”

“चुलत मावशी.”

सुभद्रेच्या ओठांवर काहीतरी हललं. हसू म्हणण्याइतकंही ते नव्हतं. “खोटा बोलतंस, पण बोलत रव,” ती म्हणाली. “गप बसलंस काय माका नको ता दिसता.”

मग गंगाराम बोलत राहिला. नवरा गेल्यावर या बाईने काजूच्या कारखान्यात हात काळे करून पोर वाढवलं, हे त्याने डोळ्यांनी पाहिलं होतं. बाळंतपणानंतर मायलेकरांना इस्पितळातून घरी आणलं तेही त्यानेच, आपल्या पहिल्या गाडीतून.

कुडाळ जवळ आलं तेव्हा फोन थरथरला. काचेच्या वरच्या बाजूला एक पांढरी पट्टी आली आणि तिच्यात अक्षरं उमटली. ॲपला आपला नकाशा उलटवायची अक्कल होती, पण येणारे मेसेज ते जसेच्या तसे सोडून द्यायचं, त्यामुळे काचेत ते उलटे दिसायचे. प्राजक्ताचं “बाबा, जेवलात?” असंच उलटं यायचं आणि त्याला हसू येई.

“ह्यां काय इला? मोडी लिवलेला काय रे?” सुभद्रेने मान वाकडी करून बघितलं.

तिला ती अक्षरं लागली नाहीत. गंगारामला लागली. मागून येणाऱ्या ट्रकांच्या कपाळावरची नावं आरशात वाचण्यात त्याची उमर गेली होती. मेसेज भाईचा होता. ‘अनिश गेलो. वयनीक सांगू नको.’

“कोणाचो रे?”

“कंपनीचो,” गंगाराम म्हणाला. “रिचार्ज संपलो म्हणतत.”

पट्टी विरून गेली. थोड्या वेळाने हायवे आला आणि काचेवरचा सरळ बाण वळून उजवीकडे झाला, मोठा आणि हिरवागार.

“उजवो!” सुभद्रा एकदम ओरडली. तिने दोन्ही हात कपाळाला लावले. “उजवो दिल्यान रे गंगाराम! मी मनात धरललंय. आता बाण खंय वळता ता बघूया म्हटलंय. देवान उजवो कौल दिल्यान!”

देवळात कौल लावतात तेव्हा देवाच्या अंगावर दोन्ही बाजूंना पाकळ्या चिकटवतात. उजवी आधी पडली तर काम होणार, डावी पडली तर नाही. मालवणकडून हायवेला येणाऱ्या प्रत्येक गाडीला गोव्यासाठी इथे उजवाच बाण मिळतो, हे गंगारामने तिला सांगितलं नाही. कसं सांगणार?

“आता गाऱ्हाणां घालूक व्हया,” ती म्हणाली. “आमच्या घरातलो घालणारो दादलो माणूस रवलो नाय. मीच घालतंय. तू व्हय म्हण.”

गाऱ्हाणं घालणं, म्हणजे देवापुढे सगळ्यांच्या वतीने मागणं मांडणं, हे मानकऱ्यांचं काम. बायका मागे हात जोडून उभ्या राहतात. पण सुभद्रेचा नवरा देवळात गाऱ्हाणं घालायचा आणि ते ऐकून ऐकून तिला पाठ झालं होतं. तिने डोळे मिटले आणि नवऱ्याच्याच चढ्या सुरात सुरुवात केली.

“बा देवा रवळनाथा, बारा वेशीच्या म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा,” गंगाराम म्हणाला.

“आज तुझी लेक वाटेर बसान तुका हाक मारता. तिच्या हातात नारळ नाय, पानाचो विडो नाय. चुकला-माकला आसात ता पोटात घाल रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा.”

“तिचो घोव तू व्हरलंस, तेचा तिना तुका कधी इचारल्यान नाय. ह्यां ध्यानात ठेव रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा.” गंगारामचा आवाज चिरकला.

“आता जो एक झील आसा, तेच्यार जी काय इडापीडा इली आसात ती आल्या वाटेन परतव, आनी तेका हातापायान धड घराक हाड रे म्हाराजा!”

गंगारामने तोंड उघडलं. शब्द दोनच होते आणि जन्मभर त्याने याहून मोठ्या थापा हसत मारल्या होत्या. पण गेलेल्या पोराचं आयुष्य आई देवाकडे मागते आहे आणि त्याला आपण होकार भरायचा, हे त्याच्याने होईना. समोरचा रस्ता डोळ्यांतल्या पाण्यात बुडाला.

“व्हय म्हण रे.”

त्याने इंडिकेटर लावून गाडी हळू केली.

“गंगाराम, व्हय म्हण. अर्ध्यार ठेवू नको.”

मग तिने डोळे उघडले आणि त्याच्याकडे बघितलं. जोडलेले हात तिने हळूच सोडवले आणि पिशवीवर ठेवले.

“तो कंपनीचो न्हय,” ती म्हणाली. “भाईचो होतो.”

गंगारामने होकाराची मान हलवली. ती किंचाळेल, ऊर बडवून घेईल म्हणून त्याने गाडी कडेला घेतली होती. बाहेरून गोव्याकडच्या गाड्या जात होत्या. मग तिचे खांदे हलू लागले आणि कितीतरी वेळ हलत राहिले, आवाज मात्र आला नाही. गंगाराम रडत होता, त्याचाच आवाज गाडीत होता.

“चल,” शेवटी ती म्हणाली. “पण सवकास हाक. आता घाई नाय.”

गोव्याच्या हद्दीजवळ, इन्सुलीच्या अलीकडे तिने पुन्हा गाडी थांबवायला सांगितली. तिला पाणी हवं असेल म्हणून तो बाटली शोधू लागला, तर तिने पिशवीतून स्टीलचा डबा काढला. निघताना अनिशसाठी तिने उकड्या तांदळाची पेज भरून घेतली होती. झाकण उघडलं तेव्हा आतून अजून वाफ आली.

“सकाळपासून तुझ्या पोटात काय नाय,” तिने डबा त्याच्यापुढे धरला. “माका आता चलाची नाय. घे, निवान जायत.”

गंगारामने दोन्ही हातांनी डबा घेतला आणि खाली मान घालून पेज प्यायला लागला. ती शेवटच्या घोटापर्यंत त्याच्याकडे बघत होती.