मला खोटारडा म्हणाले

मित्रांनो, मी एक मोडका प्रोब आहे आणि माझा राग अजून गेलेला नाही.

वायू खूप तापवला की त्याच्या कणांतले इलेक्ट्रॉन सुटे होतात आणि तो झळाळू लागतो. त्याला प्लाझ्मा म्हणतात. सूर्यासारखी ऊर्जा पृथ्वीवर मिळवायची, तर हा प्लाझ्मा किती तापलाय हे मोजावं लागतं. ते माझं काम. अंगानं मी केवढा? चिनी मातीच्या बारीक नळीतून डोकावणारी टंगस्टनची एक तार.

मला घडवलं आष्ट्याच्या मायानं. ती कराडजवळच्या एका कॉलेजात संशोधन करते. तिथं पिंपाएवढं स्टीलचं भांडं आहे. पंपानं त्यातली हवा काढायची, थोडा वायू सोडायचा आणि वीज द्यायची, की आत जांभळा उजेड पडतो. त्या उजेडात मी टोक खुपसायचो. चटके बसायचे, पण असेल तेच सांगायचो. तेव्हा सगळे माझं कौतुक करायचे.

मग प्लाझ्मा थंड पडू लागला. मी तसं सांगितलं. विभागप्रमुख हंबीरराव सरांना ते रुचलं नाही, कारण मोठ्या संस्थेचे पाहुणे यंत्र बघायला येणार होते.

"माया, तुझा प्रोब खोटं बोलतोय. पाहुण्यांना मागचाच आकडा सांग."

"सर, प्रोब बरोबर हाय. भांड्यात कुठनंतरी हवा शिरतीया, म्हणून प्लाझ्मा थंड पडतोय. मी शोधते."

"मला शिकवू नगंस."

त्यांनी पंप बंद केला, मला उपसून काढलं आणि टेबलावर आपटलं. माझी नळी मधोमध मोडली.

पाहुण्यांसमोर सरांनी जुना आकडा खुशाल ठोकून दिला. माया उठून उभी राहिली.

"हा आकडा आजचा न्हाई. भांडं गळतंय."

पाहुण्यांतल्या संयोगिता मॅडम म्हणाल्या, "दाखव बघू."

मायानं पंप चालू केला आणि स्पिरिटचा बोळा एकेका सांध्यावर फिरवला; फट असेल तिथून स्पिरिटची वाफ आत शिरते आणि दाब बदलतो. बोळा भांड्याच्या काचेच्या खिडकीपाशी येताच दाबमापकाचा काटा उडाला. तिथलं रबरी कडं चिरलं होतं. कडं बदललं आणि मायानं केलेल्या नव्या प्रोबनं पूर्वीइतकंच तापमान दाखवलं.

समारोपाच्या भाषणात सर म्हणाले, "गळती आम्हीच शोधली." मी तेव्हा गंजक्या स्क्रूंच्या खणात पडलो होतो.

पाहुणे गेल्यावर माया मला घेऊन सरांसमोर गेली.

"सर, ह्याला खोटारडा म्हणालात तुमी. मोडलात बी."

"वस्तूची कसली माफी मागायची गं?"

"मग माझी मागा."

सर मान वर न करता फाइल चाळत राहिले. माफी आजवर आलेली नाही.

मित्रांनो, आकडा आवडला नाही तर आधी आपलं भांडं तपासा. सांगणाऱ्याला मोडू नका. मोडलाच, तर निदान त्याच्याकडे मान वर करून बघा.