सासूबाईंच्या टाचा आणि ग्लिसरॉल कायनेज

माझ्या एन्झाइमचं नाव ग्लिसरॉल कायनेज. त्याला आयुष्यात एकच काम येतं: ग्लिसरीन दिसलं की त्याला फॉस्फेटचं शेपूट चिकटवायचं. शेपूट लागलेलं ग्लिसरीन पेशीच्या बाहेर पडू शकत नाही. निदान पुस्तकात तरी असं लिहिलंय. प्रयोगशाळेत माझं एन्झाइम वर्षभर ढिम्म हललं नव्हतं, आणि सरांनी बजावलं होतं की सोमवारपर्यंत ते चाललं नाही तर काम बंद आणि मीही घरी.

त्यात तिथला फ्रीझर बिघडला. उरलेली एकुलती एक बाटली मी घरी आणून मटारांशेजारी ठेवली. एन्झाइम गोठू नये म्हणून आम्ही ते ग्लिसरीनमध्येच बुडवून ठेवतो, आणि मी शहाणीने बाटलीवर फक्त 'ग्लिसरीन' एवढंच लिहिलं होतं. सासूबाईंच्या टाचांना भेगा पडलेल्या. पुढचं सांगायला नकोच.

सोमवारी सकाळी त्या भाजी आणायला निघाल्या आणि दारातच अडकल्या. पाय उचलला जाई, पण बाहेर काही पडेना. नवऱ्याने मागून ढकललं, मी पुढून ओढलं.

"अगं, हात उपटशील माझा!" त्या ओरडल्या. "काय भरून ठेवलंयस त्या बाटलीत?"

मला रडू यायला हवं होतं. मी आनंदाने उडीच मारली. टाचांवरच्या ग्लिसरीनला शेपूट लागलं होतं, एन्झाइम चाललं होतं! पंचाईत एवढीच, की पुरावा प्रयोगशाळेत नेता येत नव्हता.

शेवटी सरांनाच घरी बोलावलं. ते तोंड वाकडं करूनच आले. सासूबाई दोन्ही पाय स्टुलावर ठेवून तयारच होत्या.

"असल्या थापा मी पहिल्या वर्षाच्या मुलांकडून ऐकतो," असं म्हणत सरांनी एका टाचेवर अंगठा फिरवला, त्याचा वास घेतला आणि निघाले. दाराशी जाऊन थांबले. पुन्हा निघाले. मग आडवं होऊन पाहिलं, मग उलटं चालून.

"चालतंय," अखेर घाम पुसत ते म्हणाले. "काम सुरू ठेवा. आता हे फॉस्फेट काढा."

"ते काढणारं एन्झाइम वेगळं असतं, सर."

"मग आणा ना ते!"

"त्याचा प्रस्ताव तुम्हीच फेटाळलात. निरुपयोगी म्हणून."

सर मटकन खाली बसले. मला पहिल्यांदाच त्यांची दया आली.

"मंजूर," ते पुटपुटले. "किती वेळ लागेल?"

"दोनेक वर्षं."

सासूबाईंनी पाय खाली घेतले. "मग जेवून घ्या," त्या सरांना म्हणाल्या. "आणि उद्यापासून भांडी तुमच्याकडे."