समोरचा कॅमेरा

नागपुरात बर्डीवरच्या मोबाइलच्या दुकानात कामिनीने काउंटरवरचा पहिला फोन उचलला, त्याचा समोरचा कॅमेरा चालू केला आणि फोन एका खोक्याला टेकवून उभा ठेवला. मग ती थोडी मागे सरकली आणि पडद्याकडे बघत हातांनी बोलू लागली. बोटं पटापट हलली की पडद्यावर त्यांचा नुसता पुसट पट्टा दिसत होता. तिने मान हलवली आणि दुसऱ्या फोनकडे बोट दाखवलं.

काउंटरवर मेघा नावाची मुलगी होती. स्वस्तातले टचस्क्रीन फोन विकायचं काम तिच्याकडे होतं. बॅटरी किती टिकते, मागचा कॅमेरा कसा भारी आहे, हे सगळं ती अंकुशला सांगत होती, कारण आपल्या बायकोला ऐकू येत नाही हे त्याने आल्याआल्याच सांगून टाकलं होतं. फोन निवडत होती मात्र कामिनी. दुसऱ्या फोनमध्ये चेहरा नको तितका गोरा दिसला आणि हात तसेच फरफटले. तिसऱ्या फोनसमोर तिने हात हलवले तेव्हा बोटं वेगवेगळी, स्वच्छ दिसली. फोन अगदी साधा होता. मागची बाजू शेवाळी रंगाची, पडदा आधीच्या दोन्हींपेक्षा लहान. कामिनीने तो परत खाली ठेवलाच नाही.

"दादा, त्याच्यापेक्षा हा निळा घ्या," मेघा म्हणाली. "तेवढ्याच पैशात मेमरी जास्त भेटून राहिली."

अंकुशने निळा फोन कामिनीपुढे धरला. तिने त्याच्याकडे पाहिलंही नाही.

"तिले तोच पाहिजे," अंकुश म्हणाला. "हात नीट दिसले पाहिजे ना. तिचं बोलणंच हातानं आहे."

मेघाने एकदा कामिनीकडे पाहिलं, मग शेवाळी फोनवर काच लावून दिली आणि तिचे वेगळे पैसे घेतले नाहीत.

दोघांच्या लग्नाला दोन वर्षं झाली होती. अंकुश कळमेश्वरच्या एमआयडीसीत एका कारखान्यात पाळीवर जायचा. घरी तो, त्याची आई पुष्पलता आणि कामिनी. कामिनी नागपूरची, नंदनवनातली. लहानपणी एका तापात तिचं ऐकू येणं गेलं होतं. पुढे कर्णबधिर मुलांच्या शाळेत तिला नंदिनी भेटली आणि शाळा संपेपर्यंत दोघी एका बाकावर बसल्या. नंदिनीही तिच्यासारखीच, हातांनी बोलणारी. नंतर नंदिनी लग्न होऊन रायपूरला गेली. कामिनी माहेरी होती तोवर तिचा भाऊ नागसेन आपल्या फोनवरून दोघींना एकमेकींना दाखवायचा. खुणांची भाषा येणारा घरात तोच एक होता. कामिनीचं लग्न झालं आणि थोड्याच दिवसांत तो नोकरीसाठी पुण्याला गेला.

सासरी कामिनीजवळ बटणांचा जुना फोन होता. अडीअडचणीला मेसेज करता यावा म्हणून अंकुशनेच तो दिला होता. त्याच्यावर कधी कधी नंदिनीचा मेसेज यायचा. 'कशी. जेवली. इकडे पाऊस.' कामिनी उत्तर द्यायची, 'ठीक. जेवली. इकडे ऊन.' लिहायला बसलं की दोघींची मराठी अडखळायची. एका बसच्या प्रवासाची गोष्ट हातांनी तास तासभर सांगणाऱ्या मुली त्या. लिहिताना मात्र 'ठीक' एवढंच हाती लागायचं. अंकुशचा स्वतःचा फोन टचस्क्रीनचा होता, पण तो त्याच्याबरोबर पाळीला जायचा, आणि कारखान्यात पडल्यापासून त्याच्या समोरच्या कॅमेऱ्यात नुसतं धुकं दिसायचं.

नवराबायकोत बोलणं व्हायचं ते मोजक्या खुणांचं. जेवण, पाणी, दिवसपाळी, रातपाळी, डोकं दुखतं, बाजार. अंकुशला वाटायचं, कामिनी मुळातच शांत स्वभावाची आहे.

दिवाळीचा बोनस आला तेव्हा फोनचा विषय त्यानेच काढला. पुष्पलताला ते पटलं नव्हतं.

"तिले ऐकू येत नाई, मंग फोन घेऊन ते काय करन?" ती म्हणाली होती.

"ते पाहीन ना माय. पाहून बोलन."

"कोनाशी बोलन?"

या प्रश्नाचं उत्तर अंकुशला नीटसं माहीत नव्हतं. नागसेनने एकदा फोनवर सांगितलं होतं, "दाजी, जमलं तं तिले नंदिनीशी बोलू द्या. तिची लई आठवण काढते ते." तेवढंच त्याच्या मनात राहिलं होतं.

घरी आल्यावर कामिनीने फोन तांदळाच्या स्टीलच्या डब्याला टेकवून ठेवला, म्हणजे दोन्ही हात मोकळे राहतील. मग नंदिनीला कॉल लावला. पडद्यावर एक गोल चेहऱ्याची बाई उगवली, तिने क्षणभर डोळे बारीक करून पाहिलं आणि दोन्ही हात तोंडावर ठेवले. कामिनी रडत होती आणि रडता रडताच तिचे हात सुरू झाले.

अंकुश जेवणाचं ताट घेऊन दारातच उभा राहिला. त्याने आपल्या बायकोला असं कधी पाहिलं नव्हतं. तिच्या भुवया, गाल, खांदे, सगळंच बोलत होतं. तिने शेजारच्या बाईची नक्कल केली. मग कंबरेवर हात ठेवून, मान वाकडी करून पुष्पलताची नक्कल केली, ती इतकी हुबेहूब की खुद्द पुष्पलताने भाकरी थापायची थांबून पाहिलं. नंदिनी पलीकडे पोट धरून हसत होती. मग दोघी एकदम गंभीर झाल्या. कामिनीने हळू काहीतरी विचारलं, नंदिनीने खिडकीबाहेर बघून उत्तर दिलं, आणि बराच वेळ दोघींचे हात मांडीवर नुसते पडून राहिले.

"आपली सून एवढी बोलकी आहे?" पुष्पलता म्हणाली.

अंकुशने हातातलं ताट खाली ठेवलं. कामिनी शांत आहे असं त्याने दोन वर्षं धरलं होतं.

त्या दिवसापासून संध्याकाळी दिवे लागले की कॉल व्हायचा. खोलीतला बल्ब कामिनीच्या पाठीमागे होता, त्यामुळे तिचे हात काळे दिसायचे. हे लक्षात आल्यावर अंकुशने समोरच्या भिंतीवर एक एलईडी पट्टी लावून दिली. कामिनीने त्या उजेडात हात धरून पाहिले आणि खुशीत त्याच्या दंडावर थाप मारली. नंदिनी आता घरातल्या सगळ्यांना ओळखू लागली होती. पुष्पलता दिसली की ती पलीकडून हात जोडून जयभीम करायची. पहिल्या दिवशी पुष्पलता गोंधळली. मग रोज त्या वेळी पदर सारखा करून जवळपासच घुटमळायला लागली.

अंकुशला आधी बरं वाटलं. हळूहळू मात्र त्याला काहीतरी टोचायला लागलं. कॉल संपला की तो कामिनीला खुणेने विचारायचा, काय बोलणं झालं? ती सांगायला सुरुवात करायची, त्याच्या चेहऱ्यावरचा गोंधळ बघायची आणि थांबायची. मग त्याच्या फोनवर लिहून दाखवायची, 'नंदिनी चांगली. बोलली.' तो बोटाने विचारायचा, आणखी? ती हसून खांदे उडवायची. एवढ्या बोलण्यातून त्याच्या वाट्याला दोन शब्द यायचे. तिची चेष्टा, तिचा राग, तिची दुःखं त्या लहानशा पडद्यावरून रायपूरला जात होती, आणि तो तिच्यापासून हातभर अंतरावर जेवत बसलेला असायचा.

एक खूण त्याने हेरली होती. कामिनी पंजा तोंडापाशी नेऊन तो जोरजोरात उघडमीट करायची, आणि ती खूण केली की नंदिनी हमखास हसायची. कधी कधी ते करताना कामिनीची नजर त्याच्याकडे वळायची. आपलीच टिंगल चालली आहे याबद्दल त्याला शंका उरली नाही.

एका रविवारी तो बाहेरून आला तेव्हा कॉल चालू होता. कामिनीने त्याच्याकडे पाहिलं, नंदिनीकडे वळून तोंडापाशी पंजा उघडमीट केला आणि दोघी हसल्या. अंकुश पुढे झाला आणि त्याने फोन जमिनीवर पालथा घातला.

कामिनी जागची हलली नाही. तिचे हात अर्धवट वर होते. ते तिने खाली घेतले, फोन उचलून बंद केला आणि कपाटात साड्यांच्या खाली ठेवून दिला. मग तिने ताट वाढलं आणि खूण केली, जेवण.

पुढचे दिवस घर पहिल्यासारखं झालं. जेवण, पाणी, दिवसपाळी, बाजार. तिने कुरकुर केली नाही, काम टाकलं नाही, तोंड फिरवलं नाही. पूर्वी याच खुणांवर अंकुशचा संसार सुखाने चालला होता. आता त्या खुणा बघवत नव्हत्या. तिच्याजवळ किती बोलणं आहे ते त्याने पाहिलं होतं, आणि ते सगळं तिने आत लोटून दार लावून घेतलं होतं. कारखान्यात मशीनपाशी उभं असताना तिचा तो हसरा, हलता चेहरा त्याला आठवायचा आणि परत दिसावासा वाटायचा, मग तो त्याच्यासाठी असो वा नसो.

एक दिवस चहा देताना पुष्पलताने विषय काढला.

"काहून बंद केलं तिचं बोलणं?"

"मी कुठं बंद केलं? तिनंच ठेवला फोन."

"मले शिकवू नको. तू पालथा घातला, पाहिलं मी." तिने कप पुढे सरकवला. "ते रायपूरची पोरगी मले रोज जयभीम करत होती. आता दिवे लागले की घर सुनं वाटते गा."

"माही टिंगल करत होत्या त्या."

"करत असन. माहीपण करते. तुले समजते का पन काय म्हनते ते? शिकला का कधी?"

त्या संध्याकाळी कामिनी मागे भांडी घासत होती. अंकुशने कपाटातून फोन काढला. तो पार उतरला होता, म्हणून आधी चार्जिंगला लावला. मग तांदळाच्या डब्याला टेकवून भिंतीवरची पट्टी लावली आणि नंदिनीला कॉल केला.

नंदिनी घाईघाईने समोर आली आणि त्याला बघून तिचा चेहरा उतरला. अंकुशने आपल्या छातीवर बोट ठेवलं, मग हात उलटवून फोन कसा पालथा घातला ते दाखवलं आणि शेवटी दोन्ही कान पकडले. नंदिनी त्याच्याकडे बघत राहिली. मग तिने त्याच्याकडे बोट केलं आणि तीच खूण केली, तोंडापाशी पंजा, उघडमीट. पुन्हा त्याच्याकडे बोट, पुन्हा तीच खूण. त्याला कळेना. तेवढ्यात त्याच्या मागून एक ओला हात आला. कामिनी उभी होती. तिने पदराला हात पुसले, त्याचा फोन घेतला आणि त्यावर लिहिलं, 'नाव. तुमचं नाव.'

त्याने खुणेने विचारलं, असं का?

कामिनीने डोळे मोठे केले, मान पुढे काढली आणि जबडा फाकवून, एकेक अक्षर तोडत, आवाज न काढता म्हटलं, "मी... अं... कु... श." नंदनवनात तिला बघायला गेला होता तेव्हा तो असाच बोलला होता. हिला ऐकू येत नाही, मग मोठं तोंड करून बोलावं, एवढंच त्याला सुचलं होतं. कामिनीने लिहिलं, 'बाकी लोक नागसेनशी बोलले. तुम्ही माझ्याशी.'

पलीकडे नंदिनी हसत होती. अंकुशलाही हसू आलं, आणि जरा लाजही वाटली.

त्यानंतर तो शिकायला बसला. कारखान्याच्या मशीनवर सफाईने चालणारी त्याची बोटं इथे मात्र एकमेकांत अडकायची. कामिनी त्याचं मनगट धरून हात सरळ करायची. नंदिनी पलीकडून तीच खूण पुन्हा पुन्हा, सावकाश करून दाखवायची. पुष्पलताही दोन-चार खुणा शिकली आणि त्या तिने सुनेआधी शेजारणीला करून दाखवल्या. दोघी मैत्रिणी वेगात बोलू लागल्या की अंकुश मागे पडायचा. कधी 'बाजार' पकडता यायचा, कधी 'आई', कधी 'उद्या'. मधलं सगळं निसटून जायचं.

थंडी सरत आली होती तेव्हाची गोष्ट. तो पाळीवरून आला आणि दारात चप्पल काढता काढता त्याची नजर कामिनीच्या हातांवर गेली. ती त्याला पाठमोरी होती, पण भिंतीवरच्या आरशात तिचे हात दिसत होते. त्या दिवशी पहिल्यांदा त्याला तिचं एक अख्खं वाक्य समजलं. ती नंदिनीला म्हणत होती, "रोज दिसतेस, पण हात लागत नाही."

मग तिने एक बोट पडद्यावर टेकवलं. तिकडून नंदिनीने टेकवलं. बोट टेकताच पडद्यावर कुठलीशी बटणं उमटली आणि नंदिनीचा चेहरा त्यांच्यामागे गेला. कामिनीने बोट काढून घेतलं.

अंकुश आत येऊन तिच्या शेजारी बसला. त्याने 'रायपूर' अशी खूण केली. ती चुकली, कामिनीने सवयीने त्याचं बोट सरळ केलं. त्याने पुन्हा केली आणि पुढे जोडलं, "आपण. जाऊ." ती त्याच्याकडे बघत राहिली. त्याला नीट करता आलं नसावं असं वाटून त्याने तिसऱ्यांदा केलं. नंदिनीला आधी समजलं. ती पडद्यातून उठून नाहीशी झाली आणि नवऱ्याला हाताला धरून घेऊन आली.

सुट्टी मिळायला वेळ लागला. अखेर एका सकाळी ते नागपूरहून गाडीत बसले. पुष्पलताने दशम्या आणि संत्री बांधून दिली होती. कामिनीने खिडकीची जागा घेतली आणि भंडारा येण्याआधीच नंदिनीला कॉल लावला. तिने फोन खिडकीकडे वळवून शेतं दाखवली, नंदिनीने चुलीवर चढवलेलं पातेलं दाखवलं. भेटल्यावर पहिल्याच संध्याकाळी तुला खूप काही सांगायचं आहे, असं कामिनी तिला म्हणत होती, पण काय ते आत्ता सांगणार नव्हती. एवढं अंकुशला समजलं.

गोंदिया गेलं, सालेकसा गेलं, दोन्ही बाजूंनी जंगल दाट झालं. नंदिनी काहीतरी सांगत असताना रेंज गेली आणि चित्र थांबलं. तिचे दोन्ही हात वर, बोटं पसरलेली, डोळे मोठे झालेले. कामिनीने फोन उंच धरला, खिडकीबाहेर काढला, परत आत घेतला. चित्र हललं नाही.

"काय म्हणत होती?" अंकुशने हातांनी विचारलं.

"माहीत नाही," कामिनी म्हणाली. "अर्धंच."

तिने फोन मांडीवर उभा धरला आणि पडदा काळा होईपर्यंत ती त्या थांबलेल्या हातांकडे बघत राहिली.