मेंढ्या ओढा ओलांडतात तेव्हा

दगडाला धरून जगणारा मी एक जीव. लांबी तांदळाच्या दाण्याएवढी, नाव दगडमाशी. एका जागी बसणं मला जमत नाही, म्हणून जे सांगायचं ते भराभर सांगतो.

वर्षभर मी वेल्सच्या डोंगरातल्या एका ओढ्यात, पाण्याखाली वाढलो. कुजकी पानं खायची, कात टाकायची, पुन्हा दगड धरायचा. पाणी गार, खळाळतं आणि निर्मळ हवं, एवढाच माझा हट्ट.

मागच्या शरदात ओढ्याकाठच्या मेंढपाळाने, ग्विलिमने, मेंढ्यांना खरजेच्या औषधात बुचकळलं. कुरण ओढ्यापलीकडे. त्याने निथळत्या मेंढ्या तशाच पाण्यातून हाकल्या. मी थोडा खाली होतो. आधी पाय थरथरले. मग सहापैकी एकही माझं ऐकेना. दगड सुटला. शेजारी तर माझ्याआधीच वाहून गेले होते.

कुठे चाललो होतो कोण जाणे! मध्येच जाळी आली. ग्विलिमची बहीण नेस्ट दर महिन्याला ओढ्यातले जीव मोजते. तिने मला पांढऱ्या ट्रेमध्ये ओतलं.

"ग्विलिम, इकडे ये."

"साठ मेंढ्या खोळंबल्यात माझ्या. तुझे किडे नंतर मोज."

"मोजायला उरलेत कुठे? मागच्या महिन्यात इथे दीडशे होते. आज हा एक."

"एक आहे ना? मग झालं तर! किड्यांपायी मेंढ्यांची खरूज पोसू काय?"

नेस्टने ट्रे त्याच्या नाकाखाली धरला. "नीट बघ त्याच्याकडे."

तो वाकला. मी पाठीवर पडून तडफडत होतो, सरळ होता येत नव्हतं. त्याच्या हातांना त्याच औषधाचा वास होता. मला पळायचं होतं, पण पळणार कशाने?

"मुद्दाम नाही केलं मी," तो पुटपुटला.

"ठाऊक आहे. पण घरच्या नळाचं पाणी कुठून येतं रे? याच ओढ्यातून, इथून जरा खालून."

ग्विलिमचं तोंड उतरलं. शीळ घालून त्याने कुत्र्याला मेंढ्या वाड्यात वळवायला लावल्या आणि स्वतः घराकडे धावत सुटला. "आई! तो चहा ओतून दे!"

दारातून म्हातारीचा आवाज आला, "आता सांगतोस? तीन कप झाले माझे!"

मेंढ्या ओढा ओलांडतात त्या उताराच्या बऱ्याच वर नेऊन नेस्टने मला सोडलं. दोन दिवसांनी पायांना दगड पुन्हा सापडला.

पुढच्या महिन्यात म्हातारी स्वतः ओढ्यावर आली. "डॉक्टर म्हणाला, काही झालेलं नाही," ती नेस्टला सांगत होती, "पण मी ग्विलिमला अजून सांगितलेलं नाही. रोज सकाळी चहा तोच करतो." दोघी खूप हसल्या. नळाचा पाइप आता उताराच्या वर नेलाय, असंही कानावर आलं.

नळ वर नेला. ओढा कसा नेणार?

आता मार्च आहे. मला पंख फुटलेत आणि दिवस थोडे उरलेत. मादीला हाक म्हणून वाड्याच्या खांबावर पोट आपटून मी टकटक केली, जागा बदलली, पुन्हा केली. पाचव्या दिवशी एकीची उलट टकटक आली. काल तिने पाण्यात अंडी सोडली आणि पाण्याने ती खाली नेली, उतार ओलांडून, जिथे माझ्या शेजाऱ्यांपैकी कुणीच उरलं नाही तिथे.

तिथलं पाणी निवळलं का? इतक्या खाली उडत जायची ताकद आता माझ्यात नाही. ग्विलिम, शरदात मेंढ्यांना पुरतं वाळू दे. घाई आम्हाला असते रे, तुला कसली?