कामाला आले आहे

परक्या देशात, परक्या भाषेत तोंड उघडायचं म्हणजे शहाण्या माणसानं आधी दहा वेळा विचार करावा. धाकटीचा नऊ वेळा करून झाला होता. दहाव्या वेळी समोरचं दार उघडलं.

मिशनच्या घरात तिला सगळे धाकटीच म्हणत. बावीस वर्षांची, सगळ्यांत लहान आणि सगळ्यांत उशिरा आलेली. तिच्या जोडीला थोरली. नियमच होता की दोघींनी मिळून बाहेर पडायचं, एकीनं बोलायचं, दुसरीनं मनातल्या मनात प्रार्थना करायची. आठवडा संपला की अहवालाचा कागद भरायचा. किती दारं ठोठावली, किती उघडली, किती जणांनी ‘निर्णय’ घेतला. निर्णय म्हणजे प्रभूचा स्वीकार. पहिले सहा महिने पारखीचे असत. ते संपले की मिशनचे प्रमुख ठरवत, हिला ठेवायचं की घरी पाठवायचं. धाकटीचे तीन महिने सरले होते आणि निर्णयाच्या रकान्यात भोपळा होता.

लिफ्ट बंद असलेल्या एका इमारतीच्या चौथ्या मजल्यावर ते दार उघडलं तेव्हा बोलायची पाळी धाकटीची होती. वाक्य पाठ होतं, ‘मी सेवेला आले आहे.’ पण त्या भाषेत ‘सेवा’ आणि ‘घरकाम’ हे दोन शब्द म्हणजे सख्खे जुळे भाऊ. आपल्याकडे जसा दिन वेगळा आणि दीन वेगळा, तसंच. मधला स्वर लांबवला की सेवा, आखूड ठेवला की धुणीभांडी. धाकटीनं तो आखूड ठेवला.

आता हे कुणाचंही झालं असतं असं म्हणायला जागा नाही, हे तिचंच व्हायचं होतं. तिची आई चार घरची धुणीभांडी करायची. घरात सकाळ ‘कामाला जाते गं’नं सुरू व्हायची आणि ‘आले बाई एकदाची’नं संपायची. म्हणून या परक्या शहरात उतरल्यावर बसथांब्यावर चिकटवलेल्या शेकडो कागदांतून तिच्या डोळ्यांनी आधी काय वाचलं, तर ‘घरकामाला बाई हवी’. तो शब्द तिला कुणी शिकवला नव्हता. तो आपणहून येऊन जिभेवर बसला होता.

दारात उभ्या असलेल्या बाईंनी सत्तरी कधीच ओलांडली होती. एक हात काठीवर, चष्मा गळ्यात दोरीला लोंबणारा. त्यांनी दोघींना नखशिखान्त न्याहाळलं आणि म्हणाल्या, “उशीर केलात. स्वयंपाकघर उजवीकडे आहे.”

थोरलीनं धाकटीला चिमटा काढला. तिला ती भाषा पुरती येत होती, तिच्या लक्षात सगळा घोटाळा आला होता. चल, माफी मागू आणि निघू, असं ती डोळ्यांनी सांगत होती. पण धाकटी तोवर स्वयंपाकघराच्या दारात पोचली होती. बेसिन काठोकाठ भरलेलं, वर एक करपलेलं पातेलं उपडं, ओट्यावर औषधांच्या रिकाम्या पट्ट्या. बाई भिंतीला धरून धरून मागून आल्या. कमरेचं हाड मोडून बसवलं होतं, हे त्यांच्या चालण्यावरून कुणालाही कळलं असतं. तीन महिन्यांत पहिल्यांदाच धाकटीला आपल्यासमोर काय आहे आणि त्याचं काय करायचं, हे दोन्ही स्वच्छ कळलं. तिनं बाह्या सरसावल्या.

थोरली पत्रकांचा गठ्ठा उराशी धरून तासभर उभी राहिली. मग तिलाही लाज वाटली असावी, कारण तिनं पत्रकं खुर्चीवर ठेवून फडकं उचललं.

जिना उतरताना थोरलीनं तिला समजावून सांगितलं की तू काय म्हणालीस. धाकटीच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. पुढच्या मंगळवारी सगळं स्पष्ट सांगायचं असं दोघींनी ठरवलं. पुढच्या मंगळवारी बाईंनी दार उघडताच खिडक्यांकडे बोट दाखवलं, आणि सांगायचं राहून गेलं. तिसऱ्या मंगळवारी धाकटीला सांगायचंच नव्हतं.

बाई अडतीस वर्षं एका छापखान्यात मुद्रितशोधक होत्या. लेखक लिहायचे, जुळारी शिशाचे खिळे जुळवायचे आणि बाई दोघांच्या चुका काढायच्या. घरात दोन भिंतींना छतापर्यंत जुने कागद होते आणि त्या प्रत्येक कागदावर बाईंची लाल शाई. सवय अशी हाडीमाशी खिळलेली की धाकटीनं ‘पाणी तापलं’ म्हटलं तरी त्या आतून ओरडत, “तापलं नाही, तापलंय.” तिचं प्रत्येक वाक्य त्यांनी धुऊन वाळत घातलं. ती वाचत असलेलं शुभवर्तमान त्यांनी मोठ्यानं वाचून घेतलं, डोळे मिटून ऐकलं, आणि शेवटी सांगितलं की कथा चांगली आहे, पण चौथ्या पानावर एक स्वल्पविराम चुकीचा पडलाय. यावर काय म्हणावं हे कुठल्याच मिशनच्या प्रशिक्षणात शिकवत नाहीत.

धाकटी प्रामाणिक होती, तिथंच सगळं बिनसलं. अहवालात ‘इतर’ नावाचा एक रकाना असतो. त्यात बाकीच्या मुली ‘हवा खराब होती’ असं काहीबाही लिहीत. धाकटीनं लिहिलं, ‘भांडी घासली. खिडक्या पुसल्या. बाईंच्या पायाची नखं कापली, त्यांना वाकता येत नाही.’ पुढच्या आठवड्यात पुन्हा तसंच. असे दोन महिने कागद साठले आणि पाचव्या महिन्याच्या अखेरीस प्रमुखांनी तिला बोलावलं.

प्रमुख माणूस वाईट नव्हते. फक्त त्यांचे रकाने सुंदर होते आणि त्यांत बसत नसलेली कुठलीही गोष्ट त्यांच्या डोळ्यांत खुपत असे. रागावले की ते फार आदरानं बोलत. तिच्या ओळींवर त्यांनी पट्टीनं सरळ लाल रेघ मारली होती.

“भगिनी,” ते म्हणाले, “आपलं मिशन मोलकरणी पाठवत नाही.”

तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात, ती नेमकी कुठून कुठून जाते हे धाकटीला त्या क्षणी कळलं. वाटेत तिला आईचे हात लागले, साबणानं पांढरे पडलेले, बोटांच्या पेरांना चिरा गेलेले.

प्रमुखांनी मग आवाज मऊ केला. ती बाई वाचन ऐकते ना? ऐकते म्हणजे अर्धा निर्णय झालाच. उरलेला अर्धा आपण लिहू. मुख्य कचेरीतून वरिष्ठ यायचे आहेत, त्यांना दाखवायला एक तरी नाव हवं. त्यांनी नवा कागद टाईप करूनच ठेवला होता, ‘एका वृद्ध महिलेने प्रभूचा स्वीकार केला.’ खाली तिची सही आणि जोडीदारीण म्हणून थोरलीची. सही झाली तर पुढची दोन वर्षं पक्की. नाही झाली तर सहा महिने भरताच परतीचं तिकीट. येता सोडून त्यापुढच्या सोमवारपर्यंत विचार करा, असं म्हणून त्यांनी दोन्ही कागद एकाच फाईलला लावले.

रविवारी उपासनेनंतर आईचा फोन आला. धाकटीनं आतापर्यंत तिला फक्त दारं आणि प्रार्थना सांगितल्या होत्या. आई त्या गोष्टी चर्चच्या मंडळीत सगळ्यांना मीठमसाला लावून सांगायची, माझी लेक तिकडे देवाचं वचन सांगते. आज धाकटीनं बेसिन सांगितलं.

“माझी हाडं झिजवली ती तू दुसऱ्याच्या मोरीत बसू नयेस म्हणून,” आई म्हणाली. “आणि तू समुद्र ओलांडून मोरीच शोधलीस?”

धाकटी रडली नाही. तिनं सांगितलं, आई, ते मोलकरीण म्हणाले ना, शिवी दिल्यासारखं म्हणाले. मला माझी लाज नाही वाटली. मला त्यांचा राग आला, कारण तो शब्द तुझा आहे. आणि प्रभूनं शिष्यांचे पाय धुतले, ते या माणसानं कुठल्या रकान्यात लिहिलं असतं?

आईनं नाक ओढलं. मग एकदम विचारलं, “ते करपलेलं पातेलं घासतेस कशानं?”

घासणीनं, धाकटी म्हणाली.

“अगं वेडे, आधी रात्रभर मिठाच्या पाण्यात भिजत घालायचं. एवढंही शिकवलं नाही वाटतं मी तुला.”

धाकटीला तेवढं पुरलं.

मंगळवारी पातेलं मिठाच्या पाण्यात घालून ती बाईंसमोर बसली आणि तिनं पापाची कबुली द्यावी तसं सगळं सांगितलं. मला सेवा म्हणायचं होतं, स्वर आखूड पडला. मी घरकामाची बाई नव्हे. आणि आता तुमच्या नावानं असा असा कागद झालाय.

बाईंनी चष्मा नाकावर चढवला. “अडतीस वर्षं मी स्वर तपासले,” त्या म्हणाल्या. “तुला काय वाटलं, मला ती चूक कळली नव्हती?”

बाईंनी भिंतीजवळच्या चळतीतून एक कागद ओढला. त्यावर एका शब्दावर काट मारलेली होती, पण शब्दाच्या खाली ओळीनं बारीक ठिपके होते. छापखान्यातली खूण आहे, त्यांनी सांगितलं. कधी कधी आपण घाईनं एखादा शब्द चुकीचा समजून खोडतो. मग लक्षात येतं की तोच बरोबर होता. तेव्हा त्याच्याखाली ठिपके द्यायचे. म्हणजे जुळाऱ्याला कळतं, काट ध्यानात घेऊ नका, शब्द तसंच ठेवा. माझ्या दारात आजवर बरेच जण सेवेला आले आणि उपदेश करून गेले. कामाला आलेली तू पहिली. तुझा शब्द मी दुरुस्त केला नाही, मनात त्याच्याखाली ठिपके दिले.

मग काठीशी चाळा करत त्या म्हणाल्या की कागदावर माझं नाव घालायचं तर घाल बापडी. मला त्यानं काही होत नाही, आणि तू इथं राहशील. छापील खोटं मी आयुष्यभर पाहिलंय, त्यात आणखी एक ओळ.

हा मोह खरा होता. दोन वर्षं, शंभरेक मंगळवार, आणि बाईंची परवानगी. धाकटीनं तो मोह क्षणभर हातात घेऊन पाहिला, हे लपवण्यात अर्थ नाही.

“तुम्ही निर्णय घेतलाय का?” तिनं विचारलं.

“नाही.”

“मग मी लिहिणार नाही.”

बाईंनी मान हलवली. एवढ्या महिन्यांत पहिल्यांदा या मुलीचं एक वाक्य त्यांना दुरुस्त करावं लागलं नव्हतं.

सोमवारी प्रमुखांच्या टेबलावर फाईल उघडी होती. वरिष्ठ दुपारी यायचे होते आणि प्रमुखांनी टाय बांधला होता. धाकटीनं खिशातून बाईंनी दिलेलं लाल पेन काढलं. टाईप केलेल्या ओळीवर, ‘एका वृद्ध महिलेने’पासून पूर्णविरामापर्यंत, तिनं पट्टी न लावता रेघ ओढली. रेघ वाकडी आली. मग तिनं खालचा जुना कागद वर घेतला, जिथं तिच्या भांड्यांवर, खिडक्यांवर आणि नखांवर प्रमुखांची सरळ लाल काट होती. तिनं प्रत्येक शब्दाच्या खाली एकेक ठिपका द्यायला सुरुवात केली. घाई केली नाही.

प्रमुखांनी विचारलं हे काय चाललंय. काट विसरा, शब्द राहू द्या असं सांगायची ती खूण आहे, धाकटीनं सांगितलं. आणि खाली आपलं नाव लिहिलं.

आता सगळा भार शेजारी उभ्या असलेल्या थोरलीवर होता. दोघींची सही नसेल तर कागदाला किंमत नाही, आणि थोरलीनं दोन वर्षांत कधी नियमाबाहेर पाऊल टाकलं नव्हतं. पावसात छत्रीसुद्धा ती नेमून दिलेल्या रंगाचीच उघडायची. तिनं प्रमुखांकडे पाहिलं, लाल पेन घेतलं आणि ठिपक्यांच्या खाली सही ठोकली. वर ‘इतर’च्या रकान्यात स्वतःच्या अक्षरात एक ओळ जोडली, ‘फरशी मी पुसली.’

प्रमुखांनी टाय सैल केला. ते म्हणाले की भगिनी, मग नाइलाज आहे, सहा महिने भरायचीही वाट पाहायला नको, शनिवारी तुमचं परतीचं विमान असेल. तुमच्या जोडीदारणीचं काय करायचं ते वरिष्ठ ठरवतील. घरी तुमच्या आईला काय सांगाल, याचा विचार केलात?

“तिला माहीत आहे,” धाकटी म्हणाली. “शनिवारला अजून अवकाश आहे. उद्या मंगळवार. उद्या मला जायचंय.”

कुठं, असं त्यांनी त्या देशाच्या भाषेत विचारलं, कदाचित परीक्षा घ्यावी म्हणून. तिनंही त्याच भाषेत उत्तर दिलं. मधला स्वर आखूड ठेवला, पूर्ण शुद्धीत, एकेक अक्षर सुटं सुटं करून.

प्रमुखांनी सवयीनं चूक काढली. “सेवेला, भगिनी. स्वर लांबवा.”

“नाही,” धाकटी म्हणाली. “तसंच ठेवा.”